काळ्या बुडाचे गंज

पुण्याच्या एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात आमच्या प्रतीक्षाच्या नावापुढे ‘बहुमाध्यमी दृश्यकलाकार’ असं छापून आलं. माझ्या नवऱ्याने ते पत्रक माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवलं आणि विचारलं, "समता, हे म्हंजे काय वं?"

"म्हंजे तुमची बहीण एका कामात टिकत नाही," मी म्हटलं. "तेच जरा चांगल्या भाषेत लिहिलंय."

प्रतीक्षा तिथेच बसली होती. ती इतकी हसली की हातातला चहा तिच्याच ड्रेसवर सांडला. तिला राग म्हणून येत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. आमच्या घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आलाय, आणि मी तो वाया जाऊ देत नाही.

मी तिची वहिनी. माहेर संग्रामपूरचं, सासर वडनेर भोलजीचं. सासरे महादेवराव आणि नवरा हरिओम कपाशी, तूर आणि थोडा भाजीपाला करतात. मी पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. प्रतीक्षाचं प्रत्येक काम मी पाहिलंय, कारण तिचं पहिलं मोठं काम माझ्याच लग्नाचं होतं. तेव्हा आमच्याकडे लग्नघराची भिंत रंगवायची पद्धत होती. मधोमध गणपती, दोन्हीकडे केळीचे खांब, भालदार-चोपदार, सोंड वर केलेले हत्ती आणि डोक्यावर ठसठशीत ‘शुभ विवाह’. प्रतीक्षा अकरावीत होती, रंगवणारा पेंटर आयत्या वेळी आला नाही, म्हणून तिने ब्रश हातात घेतला. मी माप ओलांडायला दारात उभी राहिले, भिंतीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाप्पा, या घरात म्हशींचा एवढा मान! ते हत्ती होते हे मला चौथ्या दिवशी कळलं.

पण हात चांगला होता पोरीचा. पुढच्या दोन लग्नसराईत ती गावातल्या निम्म्या भिंती रंगवून मोकळी झाली आणि हत्तीही सुधारले. मग फ्लेक्स आलं. नांदुऱ्याला फोटो नेऊन द्यायचा, संध्याकाळी बोर्ड घेऊन यायचा. त्यात नवरा-नवरी तर असतातच, शिवाय गावातले पुढारी हात जोडून उभे. भिंत रंगवायला कोण बोलावतं मग? प्रतीक्षा अमरावतीला चित्रकला शिकायला गेली. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पुरता विरोध होता. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, काहीच बोलल्या नाहीत. सत्यभामाबाई हे भरघोस नाव आहे, पण बाई अशी की दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर पुष्कळ.

शिकून आली तर नोकरी नव्हती. मग नवरात्रात खामगाव-नांदुऱ्याच्या मंडळांसाठी हलते देखावे करायला लागली. आमच्या अंगणात थर्माकोलचा राक्षस उभा, मोटर लावली की जबडा उघडायचा. एका मंडळात ऐन आरतीत तो जबडा अडकला तो अडकलाच, आणि सगळी आरती होईपर्यंत राक्षस जांभई दिल्यासारखा उभा राहिला. मंडळवाल्यांनी तिला जे ऐकवलं ते मी त्यांना दुप्पट ऐकवून आले. मग थर्माकोलवर बंदी आली. मग ती कागदाच्या लगद्याकडे वळली, आणि घरभर सडक्या रद्दीचा वास.

मग एक दिवस नांदुऱ्याहून रस्त्यावरची फाटकी फ्लेक्सं गोळा करून आली. भाऊंच्या, दादांच्या, साहेबांच्या वाढदिवसाची. ती कापून माझ्या मशीनवर तिने भलीमोठी गोधडी शिवली. कोणाचा डोळा, कोणाची मिशी, कोणाचे जोडलेले हात. माझ्या मशीनच्या सुया मोडल्या त्या मोडल्या, वर एका भाऊंची पोरं दारात आली, आमच्या भाऊंचा अर्धाच चेहरा काऊन लावला म्हणून. मी म्हटलं, "बाकीचा अर्धा पावसानं नेला, त्याले विचारा." ती गोधडी पुण्याला लागली. माहितीपत्रकात ते लांबलचक नाव आलं ते तेव्हाच. गोधडी परत आल्यावर मामाजींनी ती कुटाराच्या ढिगावर टाकली. वैरण ओली होऊ नये म्हणून. मी किंचाळले, तर ते शांतपणे म्हणाले, "फोटो काढले ना? मंग झालं."

आणि खरंच, तोच आमच्या घरचा नियम होऊन बसला. भिंती चुन्याखाली गेल्या, फोटो राहिले. देखावे मोडले, फोटो राहिले. मग तिने आमच्या बोअरच्या पाण्यावर काम केलं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, पाणी तोंडात धरवत नाही. ती तेच पाणी पत्र्यांवर ठिबकवायची, महिनोन् महिने जंग चढू द्यायची, आणि त्यातून झाडं, माणसं, पाण्याच्या घागरी-गुंड्या उमटायच्या. त्याचा एक व्हिडिओही केला. त्यात मामाजी बोअरपाशी बसलेत आणि पाच मिनिटं पापणीसुद्धा हलवत नाहीत, कारण त्यांना वाटलं फोटो काढून राह्यली. ते पत्रे आता बकऱ्यांच्या गोठ्यावर आहेत.

लोक म्हणतात, किती प्रयोगशील मुलगी आहे. कसली प्रयोगशील! दर वेळी हातातलं काम सुटलं आणि तिने दुसरं धरलं, एवढंच. पण धरलं मात्र घट्ट. हे तिचं कौतुक मी तिच्या तोंडावर कधी केलं नाही, उगीच शेफारायची.

यंदा तिला तेहतीस पूर्ण झाली. लग्नाचं विचाराल तर तिचं तिने ठरवलंय, त्यावर मी कोणाशी बोलणार नाही. पण ती थकली होती, हे मला दिसत होतं. दर वेळी कोणाच्या तरी फोनची वाट पाहायची, बोलावलं तर जायचं, नाहीतर अंगणात बसायचं. अशात तालुक्याच्या एका खाजगी शाळेत चित्रकलेच्या बाईंची जागा निघाली. संस्थेचे सचिव अर्जुनराव मामाजींचे जुने स्नेही. पर्मनंट जागा. मामाजींनी तिच्यासाठी शब्द टाकला, आणि अर्जुनराव म्हणाले, "सोमवारपर्यंत हो का नाही ते सांगून द्या."

नेमकं त्याच वेळी मुंबईचंही ठरलं होतं. पुण्याचा आल्हाद म्हणून एक पोरगा आहे, प्रदर्शनं मांडतो. मुंबईच्या एका मोठ्या कलादालनात तो मांडणार होता आणि त्यात प्रतीक्षाचं काम घेणार होता. मामाजी काही दुष्ट नाहीत. ते म्हणाले, "शनिवारी मुंबईची गाडी येते. काम ठीक गेलं तर तुह्या मनानं कर. नाही गेलं तर शाळेत जा. आता किती दिवस असं?" प्रतीक्षाने मान हलवली. रात्री भाकरी थापताना मला म्हणाली, "वहिनी, हे शेवटचं. हे नाई जमलं तर मी सोडून देते." तिच्या आवाजात रडणं नव्हतं, तेच मला जास्त लागलं. माझा पीठ लागलेला हात मी परातीवर आपटला आणि म्हटलं, "पाहू तं खरं." पण आतून मला धडकी भरली होती. ती शाळेत गेली असती तर वाईट काही नव्हतं हो. पण मग माझ्या मशीनवर परत कोणी पुढाऱ्यांच्या मिशा शिवल्या नसत्या.

आता हे मुंबईचं काम काय होतं ते सांगते. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. घरोघरी गॅस आलाय, पण परसात चूल आहेच. आंघोळीचं पाणी, कधी कळण्याची भाकर, पाहुणे आले की वरण. त्या चुलीवरच्या गंजांच्या बुडाला काजळीचा हा एवढा थर असतो. प्रतीक्षाने गल्लीतल्या बायांकडून तसे गंज मागून आणले आणि दर बाईला एकच प्रश्न विचारला. चुलीपुढे बसल्यावर तुले समोर काय दिसते? बाई जे सांगेल ते ती त्या गंजाच्या बुडावर, काजळी खरवडून, बाभळीच्या काट्याने काढायची. काळ्यातून जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पांढरी रेघ निघायची. आल्हाद येऊन पाहून गेला. आमच्या घरी ठेचा-भाकर खाऊन डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "हे विलक्षण आहे. असंच हवंय." तो गेला आणि प्रतीक्षा दोन दिवस गप्प होती. मला वाटलं, आनंदाने.

गंज न्यायला गाडी शनिवारी येणार होती. शुक्रवारी मी आणि प्रतीक्षा एसटीने खामगावला गेलो, पॅकिंगचा फोम आणायला आणि काजळी पुसू नये म्हणून वरून मारायचा स्प्रे आणायला. उन्हं कलताना परत आलो. फाटकातून आत शिरलो.

अंगणात धुतलेलं लुगडं अंथरलं होतं आणि त्यावर सगळे गंज पालथे मांडले होते. लख्ख. आरशासारखे लख्ख. दर गंजाला हळदी-कुंकवाचं बोट लावलेलं. बाजूला गल्लीतल्या बाया पदराने कपाळ पुसत बसल्या होत्या, आणि मधोमध आत्याबाई, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं.

"आल्या का वं?" त्या म्हणाल्या. "पाह्य, कसे चमकून राह्यले. महामायानं चिंच आनली, पुष्पांजलीनं तारेची घासनी आनली. सकाळपासून घासून राह्यलो आमी."

महामाया काकू आमच्या शेजारच्या, पुष्पांजली त्यांची सून. दोघी अशा बसल्या होत्या की जणू त्यांना आता पेढा मिळणार.

"आत्याबाई," मी कसंबसं म्हटलं, "चित्रं कुठी गेले?"

"कोनते चित्र?"

"बुडावरचे!"

"थे? त्याचे तं तिनं फोटो काढले ना." आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आता भांडे मुंबईले मांडाचे, तं काळेच पाठवावं का? रुखवतात कोनी काळा गंज मांडते का वं? थ्या मुंबईच्या बाया काय म्हनतीन, वडनेरच्या बायायले भांडे घासता येत नाई?"

देवाशपथ सांगते, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आणि मग फुटला तो फुटलाच. मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पुष्पांजली रडायला लागली. महामाया काकू घासणी लपवायला लागल्या. आत्याबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी आपले काळे हात पाहिले आणि मांडीखाली घेतले. ओसरीवरून मामाजी उठून आले, गंजांकडे पाहिलं, आणि फारसा आवाज न चढवता म्हणाले, "आता काय राह्यलं मंग? सोमवारी अर्जुनरावले हो म्हनून सांगतो."

तेवढ्यात माझ्या मागून एक विचित्र आवाज आला. प्रतीक्षा ओट्यावर बसली होती, फोमचा गुंडाळा छातीशी धरून, आणि तिचे खांदे हलत होते. मी धावले. माय वं, पोरगी कोसळली! जवळ जाऊन पाहते तर हसत होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसतेय. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"वहिनी," ती म्हणाली, "मले थे आवडतच नव्हते."

"काय?"

"थे चित्रं. मले आवडत नव्हते. खोटे होते सगळे. मी ईचारलं चुलीपुढं काय दिसते, तं एक म्हने तुळस, एक म्हने देवाचं कॅलेंडर, पुष्पांजली म्हने मोर. आपल्या गल्लीत मोर कोनं पाह्यला? अन् मी काढत गेली, काऊन का मुंबईच्या लोकायले आवडन. आल्हादलेबी आवडले. तवापासून मले झोप नाई. गाडी येऊन राह्यली अन् मी सांगू कोनाले का हे नको?" ती उठली, आत्याबाईंपाशी गेली आणि त्यांचे काळे हात मांडीखालून ओढून काढले. "आई, तुनं वाचवलं मले. सुटली मी, माय! एकदमची सुटली!"

आत्याबाईंना काही कळलं नाही. मलाही अर्धंच कळलं. पण तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इतक्या महिन्यांत तो चेहरा मोकळा मी पाहिला नव्हता. तरी पण मी म्हटलंच, "हसून झालं असन तं आता पुढं काय? गाडी उद्या आहे."

तिने आल्हादला फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. चिंच, घासणी, हळदी-कुंकू सगळं. मग तो म्हणाला, "प्रतीक्षा, तू थट्टा करत नाहीयेस ना?" ती म्हणाली, थट्टा नाही. मग तो म्हणाला, "सोमवारी सकाळपर्यंत गाडी थांबवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

म्हणजे शनिवार आणि रविवार. आणि सोमवारीच अर्जुनरावांना उत्तर द्यायचं.

आता काजळी आणायची कुठून? वर्षानुवर्षांचा थर तो. पण माघ होता, शेतातून पऱ्हाट्या उपटून नुकत्याच घरोघर आल्या होत्या, आणि कपाशीच्या काड्यांचा धूर किती चिवट असतो ते आम्हालाच माहीत. शनिवारी पहाटेपासून गल्लीतल्या सगळ्या परसांत चुली पेटल्या. गॅस बंद. एरवी गंज चुलीवर ठेवायच्या आधी बाया बुडाला माती लावतात, काळं लवकर निघावं म्हणून. मी दारोदार फिरून ओरडत होते, "माती लावू नका! कोनी माती लावली तं माह्याशी गाठ आहे!" वरण, पाणी, हरभऱ्याच्या घुगऱ्या, जे मिळेल ते शिजवलं. हरिओम सायकलचं जुनं टायर घेऊन आला, म्हणाला, हे जाळा, दहा मिनिटांत काळं होते. त्याला मी टायरसकट हाकलला.

आणि या वेळी प्रतीक्षा अंगणात बसून बायांना बोलावत नव्हती. ती स्वतः त्यांच्या परसात, त्यांच्या चुलीपाशी, धुरात जाऊन बसत होती. बाया वैतागलेल्या. काल हात दुखेपर्यंत घासलेले गंज आज आपल्याच हातांनी काळे करायचे म्हणजे काय! आणि आमच्या गल्लीतल्या बाया वैतागल्या की गोड बोलायचं विसरून जातात.

"काय दिसते म्हनजे?" महामाया काकू फुंकणी आपटत म्हणाल्या. "ह्यायचे पाय दिसते. बाजेवरून लोंबणारे. पंचवीस वर्षं झाले, मी सयपाक करतो अन् ह्यायचे पाय पाहतो. बाकीचा मानूस कसा दिसते मले ध्यानातबी नाई."

प्रतीक्षाने पाय काढले. नुसते पाय, टाचांच्या भेगांसकट. काकूंनी गंज हातात घेतला, बराच वेळ पाहिलं आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की शेळी दावं तोडून पळाली.

पुष्पांजली म्हणाली, "मोर नाई दिसत, ताई. मोबाईल दिसते. डब्याले टेकवून ठेवतो. माह्या माहेरचे फोटो पाहतो." तिच्या गंजावर मोबाईल आला, आणि मोबाईलमध्ये सुलतानपूरच्या घराचं दार. एका बाईला शेजारणीची नवी गच्ची दिसते. एकीला काही दिसत नाही, धुराने डोळे मिटलेले असतात, तिच्या गंजावर मिटलेले डोळे. रविवार मावळेपर्यंत प्रतीक्षाची बोटं काट्याने सोलून निघाली होती, आणि ती गुणगुणत होती. मी म्हटलं, "आता बरे झाले का?" ती म्हणाली, "हाव वहिनी. आता बरे झाले."

मुंबईचं पुढे नीट झालं. ते आताच सांगून टाकते, म्हणजे कोणाच्या जिवाला घोर नको. लोकांनी उभं राहून पाहिलं, आल्हादचा फोन आला, पुढच्या कामाची बोलणीही झाली. पण मला जे सांगायचंय ते गाडी यायच्या आधीचं आहे.

एक गंज राहिला होता. आत्याबाईंचा. त्या दोन दिवस चुलीकडे फिरकल्याच नव्हत्या. शुक्रवारी मी जे बोलले त्याचं मला वाईट वाटत होतं, पण प्रतीक्षाने समजावलं तरी त्या एकच म्हणत, "मले नको ईचारू. मी पुरं बिघडवलं." सोमवारी सकाळी बाकीचे गंज फोममध्ये गुंडाळून ओसरीवर रांगेने ठेवले होते. मामाजी परसात बाजेवर चहा घेत होते, शेजारी मोबाईल ठेवलेला, अर्जुनरावांना फोन करायचा म्हणून. मुंबईला काय होईल ते त्यांना कुठे माहीत होतं? त्यांच्या हिशेबी शुक्रवारीच सगळं आटोपलं होतं. पोरी दोन दिवस खेळल्या, खेळू दे. मी सकाळपासून दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ते म्हणाले, "पक्की जागा आहे बाई, पुन्हा मिळत नाही." आणि प्रतीक्षा गप्प. तिने शब्द दिला होता ना.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. हातात त्यांचा गंज. काही न बोलता चुलीपुढे बसल्या, पऱ्हाट्या मोडल्या, चूल पेटवली, गंजात पाणी ओतून वर ठेवला. प्रतीक्षा हळूच जाऊन त्यांच्याशेजारी बसली. पाणी उकळून अर्धं झालं. मी भांडी विसळत होते.

"ईचार," आत्याबाई म्हणाल्या.

"काय दिसते आई?"

"फाटक दिसते."

"अजून?"

"अजून काईच नाई. लग्न होऊन आली, या चुलीपुढं बसली, तवापासून थे फाटकच दिसते. तिथून रस्ता दिसते, एसटी दिसते." त्यांनी एक काडी आत सारली. "रोज वाटे, एवढी भाकर शेकली का उठावं, फाटक उघडावं अन् चालतं व्हावं."

मामाजींचा कप ओठांपाशीच थांबला. "चालतं व्हावं? कुठी?"

"कुठीबी."

"मंग काऊन नाई गेली?"

"तुमची दुसरी भाकर राहे ना."

कोणी हसलं नाही. त्या म्हणाल्या ते रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं सांगितलं. आणि मग, माझ्या सगळ्या संसारात मी त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "हे पोरगी अमरावतीले गेली ना, थ्या दिवशी मी इथंच बसली होती. तिनं फाटक उघडलं, अन् गेली. मले इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं! लोक म्हनत, महादेवरावची पोरगी भटकते. मी मनात म्हनो, भटक माय. मह्या वाटचंबी भटक. आता हे परत येऊन शाळेत बसन, रोज पाच वाजता घरी येईन, तं मी पाहू काय?" त्यांनी पदराने डोळे पुसले, धुराचे का कशाचे कोण जाणे. "हरिओमचे बाबा, अर्जुनरावले फोन लावा. म्हना, पोरगी येत नाही."

प्रतीक्षा आईकडे पाहत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि मीही विसळायचं भांडं हातात धरून रडत होते. का लपवू?

मग प्रतीक्षाने फडक्याने गंज उतरवला, पाणी ओतून दिलं, निवू दिला. पालथा मांडीवर घेतला, काटा उचलला. "आई, फाटक लावलेलं काढू का उघडं?"

आत्याबाई घराच्या कडेने दिसणाऱ्या फाटकाकडे पाहत राहिल्या. तिथून गल्ली दिसत होती, गल्लीच्या टोकाला गाडी येऊन थांबली होती.

"उघडं," त्या म्हणाल्या.

मामाजींनी कप खाली ठेवला, मोबाईल उचलला आणि रेंजसाठी गल्लीत जाऊन उभे राहिले. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, मान हलताना तेवढी दिसली. परत आले, बाजेवर बसले आणि म्हणाले, "सांगून देल्लं." थोड्या वेळाने त्यांनी अजून एक कप चहा मागितला. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. मीही उठले नाही. मग ते स्वतःच आत गेले, आणि साखर कुठी आहे म्हणून आतून ओरडून विचारलं.